महाविद्यालयांतील संगणकाचीं धुळाक्षरें

प्रत्येक काळाचीं आपलीं अशीं धुळाक्षरें असतात. आमच्या पणजोबांच्या पिढीला मोडी गिरवावी लागे आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे तिन्हीसांजेला देवापुढें म्हणावे लागत. त्यापुढच्या पिढीनें इंग्रजी कित्ते घटविले. आणि नोकरीकडे डोळा ठेवून शिकणाऱ्या कित्येकांनीं मॅट्रिक होतांच टंकलेखनाच्या वर्गांत बोटें दुखवून घेतलीं. आजच्या पिढीच्या वांट्याला आलेलीं धुळाक्षरें संगणकाचीं आहेत. विद्यार्थी वाणिज्याचा असो, शास्त्राचा असो वा स्थापत्य अभियांत्रिकीचा असो, महाविद्यालयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत संगणकाच्या ओळखीचा एखादा सक्तीचा वर्ग पुष्कळांच्या वेळापत्रकांत असतो.

आणि या वर्गाइतका तक्रारीचा विषय झालेला वर्ग क्वचितच दुसरा असेल. ज्या घरांत महाविद्यालयांत जाणारीं दोन-तीन मुलें आहेत, तेथें रात्रीच्या पानावर हा विषय निघतोच. पुतण्या म्हणतो, "काका, आज दोन तास बसून आम्ही काय शिकलों, तर संगणक सुरू कसा करावा आणि बंद कसा करावा! हें मला चौथींत येत होतें." काका म्हणतात, "अरे, पण त्याचे गुण मिळतात ना? मग बस मुकाट्यानें." आजोबांचें म्हणणें तिसरेंच असतें. ते म्हणतात, "तुला एवढें सगळें येतें, तर गेल्या आठवड्यांत माझ्या पेन्शनचा दाखला काढतांना तासभर घामाघूम कां झालास?" त्यावर हंशा पिकतो आणि विषय संपतो. आमच्या मतें तो इतक्यावर संपूं नये. या वर्गांत दर आठवड्यास खर्च होणारे तास आपल्याच मुलांच्या आयुष्यांतले आहेत. त्यांचें फळ काय मिळतें, आणि मिळत नसल्यास दोष कोठें आहे, याचा विचार घरांतील वडील माणसांनींही करणें अवश्य आहे.

वर्गांत काय चालतें

या विषयाची थोडी विचारपूस करावी म्हणून आम्हीं अशा वर्गांचीं पाठ्यपुस्तकें चाळलीं, विद्यार्थ्यांच्या वह्या पाहिल्या आणि शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या अशा दोघांशींही बोललों. पुस्तकें निरनिराळीं, पण पहिलें प्रकरण बहुतेक सर्वांचें एकच. संगणकाचे जनक म्हणून चार्ल्स बॅबेज यांचें नांव. त्यांनीं १८३७ च्या सुमारास योजिलेलें आणि त्यांच्या हयातींत कधींच पुरें न झालेलें यंत्र. पुढें संगणकाच्या पिढ्या. पहिली पिढी निर्वात नळ्यांची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी एकात्मिक मंडलांची, चौथी मायक्रोप्रोसेसरची. यानंतर आद्याक्षरांचे विस्तार येतात. सी. पी. यू. म्हणजे काय, रॅम म्हणजे काय, रॉम म्हणजे काय. हें सर्व पाठ करावयाचें आणि एकेका गुणाच्या प्रश्नांत उतरवावयाचें. संगणकाची आकृति काढून तिला नांवें देणें हाही एक हमखास प्रश्न.

हें ज्ञान टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बॅबेजची कथा ऐकण्यासारखी आहे, आणि रॅम व रॉम यांतील भेद ज्याला ठाऊक आहे त्याचें त्यांत कांहीं नुकसान नाहीं. परंतु पोहावयास शिकूं इच्छिणाऱ्याला विहिरीच्या कांठावर बसवून पाण्याचे घटक पाठ करावयास लावावें, तसा हा प्रकार आहे. दोरी बांधून पाण्यांत उतरण्याची वेळ येते ती प्रात्यक्षिकाच्या तासाला, आणि तेथें निराळीच अडचण उभी राहते. यंत्रें थोडीं, विद्यार्थी फार. एका यंत्रापुढें तिघेजण बसतात. त्यांतील जो धीट असतो किंवा ज्याच्या घरीं संगणक असतो, त्याच्या हातीं माऊस जातो. दुसरा त्याला सूचना देतो. तिसरा पाहत राहतो. सत्र संपतें तेव्हां तिघांच्याही प्रात्यक्षिकाच्या वहीवर गुरुजींची सही असते.

या वहीला विद्यार्थी 'जर्नल' म्हणतात, आणि तिच्यावर एक स्वतंत्र लेख लिहितां येईल. संगणकाच्या पडद्यावर काय दिसलें तें हातानें, सुबक अक्षरांत, तिच्यांत लिहून काढावयाचें. ज्या यंत्राचा जन्मच मुळीं माणसाची नक्कल करण्याची मेहनत वांचविण्यासाठीं झाला, त्याचें शिक्षण नक्कल करून पुरें व्हावें, हा योगायोग मोठा मासलेवाईक आहे. पुष्कळदां ही वही मागच्या वर्षींच्या एखाद्या टापटिपीच्या मुलीच्या वहीवरून उतरलेली असते, आणि तिची वही तिच्या आधींच्या कोणाच्या तरी वहीवरून.

एक वर्ग, दोन प्रकारचे विद्यार्थी

या वर्गाची खरी गोम अशी कीं त्यांत दोन अगदीं भिन्न प्रकारचीं मुलें एकत्र येतात. पहिला प्रकार शहरांतल्या सुखवस्तु घरांतील मुलांचा. त्यांच्या घरीं वडिलांचा किंवा आत्याचा जुना लॅपटॉप असतो, शाळेंत संगणकाचा तास झालेला असतो. अशा मुलाला या वर्गांत बसविणें म्हणजे आजोबांकडून सहाव्या वर्षीं शब्दरूपावली पाठ केलेल्या मुलाला आठव्या इयत्तेंत पुन्हां पहिल्यापासून 'राम' शब्द चालवावयास लावण्यासारखें आहे. तो बाकाखालीं फोन धरून वेळ काढतो. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असेल तर तेवढी भरतो, आणि 'यांत शिकण्यासारखें कांहीं नाहीं' असा शेरा मनांतल्या मनांत देऊन बाहेर पडतो.

दुसरा प्रकार तालुक्याच्या किंवा खेड्याच्या गांवाहून आलेल्या मुलांचा. आम्हांस अशा एका मुलीची हकीकत तिच्याच तोंडून ऐकावयास मिळाली. ती वाणिज्य शाखेंत शिकली. तिच्या यंत्रापुढें बसणाऱ्या दोघीजणी शहरांतल्या होत्या, सरावलेल्या होत्या, आणि स्वभावानें वाईट मुळींच नव्हत्या; परंतु 'तूं थांब, मी पटकन करतें' असें म्हणून काम उरकण्याची त्यांना संवय. पहिल्या सत्रांत हिचा हात कळफलकाला लागला नाहीं. दुसऱ्या सत्रांत, आतांपर्यंत आलें नाहीं हें कसें सांगावें, या लाजेनें लागला नाहीं. परीक्षेंत मात्र तिला उत्तम गुण मिळाले, कारण आकृति सुंदर काढली होती आणि आद्याक्षरांचे विस्तार बिनचूक होते. पदवी घेऊन ती एका पेढीवर मुलाखतीस गेली. तेथें तिला वीसएक रकमांचा तक्ता करून त्याची बेरीज मांडावी आणि तो ई-मेलनें पाठवावा, एवढेंच काम सांगण्यांत आलें. ती दहा मिनिटें पडद्याकडे पाहत बसली आणि उठून आली.

पुढें काय झालें तेंही सांगण्यासारखें आहे. तिच्या चुलतभावानें आपलें जुनें यंत्र तिला महिनाभर वापरावयास दिलें आणि अट एकच घातली, कीं घरच्या किराणा दुकानाचा उधारीचा हिशेब तिनें त्यावर चढवावा. खरीं नांवें, खऱ्या रकमा, आणि चूक झाली तर गिऱ्हाईकाशीं खरें भांडण! दोन सत्रांत जें आलें नाहीं तें तीस दिवसांत आलें. आज ती एका लेखापालाच्या कचेरींत नोकरीस आहे. या मुलीची बुद्धि दोन सत्रें झोंपली होती आणि एका महिन्यांत जागी झाली असें कोणी म्हणणार नाहीं. तिला महिनाभर स्वतःचा हात चालवावयास मिळाला आणि करावयास खरें काम मिळालें, एवढाच फरक झाला.

मूळ कल्पना कोठली

सर्वांनाच संगणक शिकवावा ही कल्पना प्रथम ज्यांनीं अमलांत आणली, त्यांनीं काय केलें होतें हें पाहणें उद्बोधक आहे. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशर संस्थानांत डार्टमथ नांवाचें जुनें महाविद्यालय आहे. तेथील गणिताचे दोन अध्यापक, जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ, यांचें म्हणणें असें होतें कीं, संगणक ही शास्त्रज्ञांची खासगी मिरास राहूं नये. इतिहास वा साहित्य शिकणाऱ्यालाही त्याची ओळख हवी. त्या काळचा संगणक खोलीभर असे. त्याला काम सांगावयाचें तर भोकें पाडलेल्या पत्त्यांची चळत तेथील माणसांच्या स्वाधीन करावयाची आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचें. या दोघांनीं आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीनें, एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळीं काम करतां येईल अशी व्यवस्था केली आणि नवशिक्यांसाठीं 'बेसिक' नांवाची सोपी भाषा रचिली. १ मे १९६४ रोजीं पहाटे चार वाजतां ती भाषा प्रथम चालली.

हा विषय तेथें पहिल्या वर्षाच्या गणितांत गोंवण्यांत आला, त्यामुळें पुढें बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या हातून तो गेला. शिकविण्याची तऱ्हा लक्षांत घेण्यासारखी होती. व्याख्यानें अगदीं थोडीं; तीं ऐकून झालीं कीं विद्यार्थ्यानें स्वतः यंत्रापुढें बसावें, नेमून दिलेली आज्ञावली लिहावी, चुकल्यास यंत्राकडूनच तें कळून घ्यावें आणि पुन्हां लिहावी. ऐकत बसण्याला तेथें फारसा वावच ठेवला नव्हता.

आपल्या देशांतही आरंभ असाच उमेदीचा होता. १९६३ मध्यें कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें आय. बी. एम. १६२० हा संगणक आला, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, मग ते कोणत्याही शाखेचे असोत, आज्ञावली लिहावयास शिकविण्याचा पाया तेथें घातला गेला. त्या कार्यांत अग्रभागीं असलेले प्रा. व्ही. राजारामन यांचीं पाठ्यपुस्तकें पुढें देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हातीं गेलीं. १९८४ मध्यें केंद्र सरकारनें निवडक शाळांमध्यें संगणकसाक्षरतेचा प्रकल्प हातीं घेतला. त्यासाठीं विलायतेंतील बी. बी. सी. मायक्रो नांवाचीं यंत्रें आणण्यांत आलीं. महाराष्ट्रांत २००१ सालीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालें आणि त्याचा एम. एस.-सी. आय. टी. हा अभ्यासक्रम गांवोगांवच्या केंद्रांतून सुरू झाला. सरकारी नोकरींतील अनेक पदांना त्याचें प्रमाणपत्र आवश्यक ठरलें, आणि आजवर एक कोटीहून अधिक माणसांनीं तो केला आहे. तालुक्याच्या गांवीं ज्या गृहिणींनीं व शेतकऱ्यांच्या मुलांनीं आयुष्यांत प्रथम संगणकाला हात लावला, त्यांतील पुष्कळांनीं तो अशाच केंद्रांत लावला. हें श्रेय लहान नाहीं.

सारांश, सक्ती ही मुळांत वाईट गोष्ट नव्हती. सक्ती नसती तर वर सांगितलेली दुसऱ्या प्रकारचीं मुलें या विषयाच्या वाटेला गेलींच नसतीं. ज्याच्या घरीं यंत्र आहे तो आपोआप शिकतो. ज्याच्या घरीं नाहीं त्याला शिकविण्याची जबाबदारी कोणीतरी अंगावर घ्यावी लागते. अमलबजावणींत मात्र यंत्रापुढें बसण्याची सक्ती मागें पडली आणि बाकावर बसण्याची सक्ती तेवढी शिल्लक राहिली.

रूपावली आणि मेनू

येथें कोणी जाणता वाचक विचारील कीं, पाठांतराला एवढीं नांवें कां ठेवतां? आपल्याकडे पाठांतरानेंच पिढ्यान्‌पिढ्या विद्या टिकली. भांडारकरांच्या संस्कृताच्या पहिल्या पुस्तकावर आपले आजे-पणजे शिकले ते घोकूनच ना? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरांतच या विषयाचें मर्म आहे. 'राम' शब्दाची तृतीया पाणिनीच्या काळीं जी होती तीच आज आहे. एकदां पाठ केली कीं जन्माची सोय झाली. संगणकाच्या पडद्यावरील यादी, जिला मेनू म्हणतात, तिची गोष्ट तशी नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या ऑफिस संचाच्या २००७ सालच्या आवृत्तींत जुन्या उतरत्या याद्या काढून टाकून वर चिन्हांचा रुंद पट्टा आणला. ज्यांनीं 'अमक्या यादींतील तमकी ओळ' असें घोकलें होतें त्यांचें घोकणें त्या दिवशीं वांया गेलें. ज्यांना आपण काय करूं पाहतों हें ठाऊक होतें, त्यांचे चार दिवस चिडचिडींत गेले आणि पांचव्या दिवशीं काम सुरळीत चाललें.

अभियांत्रिकीच्या वर्गांतली तऱ्हा याहून गमतीची. टर्बो सी नांवाची निळ्या पडद्याची प्रणाली १९९० च्या आगेंमागें प्रचारांत होती. जग पुढें गेलें, ती मूळची ज्यावर चाले ती डॉस प्रणालीही मागें पडली. तरी आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांत पुढें दोन दशकें त्याच निळ्या पडद्यावर पहिले धडे गिरविले गेले. नव्या यंत्रावर जुनें यंत्र असल्याचा देखावा उभा करून ती चालवावी लागे, आणि तीही व्यवस्था कोणीतरी मुद्दाम करून ठेवलेली असे. घरांत नवा गॅस आणावा आणि त्यावर चूल मांडून स्वयंपाक करावा, असलाच हा प्रकार! सुदैवानें हें आतां बदलत चाललें आहे. पुणें विद्यापीठानें २०१९ च्या अभ्यासक्रमांत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास पायथन ही आजच्या उपयोगाची भाषा घेतली.

मग या क्षणोक्षणीं बदलणाऱ्या शास्त्रांत टिकणारें असें कांहीं आहे कीं नाहीं? पुष्कळ आहे. आंकड्यांच्या तक्त्याचेंच उदाहरण घ्या. १९७९ मध्यें डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघां अमेरिकनांनीं व्हिजिकॅल्क नांवाचा पहिला लोकप्रिय संगणकी तक्ता तयार केला. उभे रकाने, आडव्या ओळी, आणि एका घरांतील आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सर्व आंकडे आपोआप बदलणें, ही त्यांतील कल्पना आजच्या तक्त्यांतही जशीच्या तशी आहे. ती ज्याला समजली त्याला कोणत्याही कंपनीचा तक्ता परका नाहीं. आणि आश्चर्य असें कीं, 'मला सगळें येतें' म्हणणाऱ्या शहरी मुलांपैकीं कांहींजण रकमांची बेरीज फोनवरील गणकावर करून उत्तर तेवढें तक्त्यांत टाईप करतात! त्यांना यंत्र येतें, तक्ता येत नाहीं. फाईल कोठें ठेवली, तिला नांव काय दिलें, तिची दुसरी प्रत कोठें आहे, आपण आज्ञा दिल्यावर यंत्रानें काय केलें आणि तें बरोबर आहे हें कशावरून, या गोष्टी संगणकाच्या विद्येंतले विभक्तिप्रत्यय आहेत. आणि त्या सहसा जुन्या होत नाहींत.

हातांत फोन आहे म्हणून

हल्लीं असेंही म्हणतात कीं, आतांचीं मुलें फोन हातांत घेऊनच जन्मतात, तेव्हां हे वर्गच बंद करावे. हें मत वरवर पटण्यासारखें असलें तरी आम्हांस मान्य नाहीं. फोनवर वाढलेल्या मुलाला चित्र काढतां येतें, पाठवितां येतें, पैसे देतां येतात. पण पाठविलेला कागद यंत्रांत कोठें जाऊन बसला हें विचारलें तर तो गोंधळतो. कारण फोननें ती जागा त्याच्यापासून झांकून ठेवलेली असते. शोधलें कीं सांपडतें, एवढेंच त्याला ठाऊक. संगणकाच्या कपाटांत खण असतात आणि खणांत खण असतात, ही कल्पनाच त्याला नवी असते. अनेक अध्यापकांनीं आम्हांस सांगितलें कीं, दहा-पंधरा वर्षांपूर्वींच्या मुलांपेक्षां आजच्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगण्यास अधिक वेळ लागतो.

मराठीचें तर विचारूंच नका. देवनागरी अक्षरांना युनिकोडमध्यें १९९१ पासून जागा आहे; त्याच सुमारास भारतीय भाषांसाठीं इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणीही प्रमाण म्हणून ठरली. असें असूनही संगणकाचा वर्ग पूर्ण केलेले किती पदवीधर आपल्या आजीला एक पानभर शुद्ध मराठी पत्र टाईप करून देऊं शकतील? जुन्या पद्धतीच्या ठशांत टाईप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला कीं अगम्य चिन्हांची रांगोळी कां होते, हेंही पुष्कळांना ठाऊक नसतें. ज्यानें पदवीपर्यंत मराठी वाचली, लिहिली, त्याच्या बोटांना मात्र ती परकी राहावी ही गोष्ट खेदाची आहे.

याहूनही गंभीर गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांच्या सुरक्षिततेची आहे. निवृत्त माणसांना हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या योजनेखालीं संगणकावरून देतां येतो. २०१६ पासून यू. पी. आय.मुळें भाजीवाल्याचेही पैसे फोनवरून देतां येऊं लागले. सोय वाढली तशी ठकांचीही सोय झाली. पोलिसाचा वेष घालून फोनच्या पडद्यावर येणारा मनुष्य 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' म्हणून दरडावतो, आणि आयुष्याची पुंजी घेऊन जातो. असल्या अटकेला भारतीय कायद्यांत कोठेंही स्थान नाहीं. फसवणूक झालीच तर विलंब न करतां १९३० या क्रमांकावर फोन करावा, हेंही ज्या घरांत कोणाला ठाऊक नाहीं अशीं घरें थोडीं नाहींत. संगणकाच्या वर्गांतून उत्तीर्ण झालेल्या नातवाला एनिॲक यंत्र १९४६ सालीं जगापुढें आलें हें ठाऊक आहे. पण आजोबांना आलेला संदेश खरा कीं खोटा हें त्याला सांगतां येत नाहीं. या दोहोंपैकीं कोणत्या ज्ञानाची घराला गरज आहे हें काय सांगावयास पाहिजे?

मग करावें काय

केवळ दोष दाखवून थांबणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. विद्यापीठ अनुदान मंडळानें २०२२ च्या डिसेंबरांत पदवी-शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत संगणकी व तंत्रविषयक साधनांच्या अभ्यासाला स्थान आहे. म्हणजे हा वर्ग राहणार हें उघड आहे. तो चांगला कसा होईल एवढाच प्रश्न उरतो.

पहिली गोष्ट, वर्गाच्या आरंभीं एक प्रामाणिक प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. पत्र लिहून दाखवा, तक्ता करून दाखवा, फाईल योग्य जागीं ठेवून पुन्हां काढून दाखवा. जो दाखवील त्याला त्या भागापुरती मोकळीक द्यावी. अमेरिकेंतील अनेक महाविद्यालयांत अशा परीक्षेनें प्राथमिक वर्ग टाळतां येतो. आमचा कयास असा कीं, 'सगळें येतें' म्हणणाऱ्यांपैकीं बरेच या परीक्षेंत अडखळतील, आणि त्यांच्या मनांतील तुच्छता तेथेंच ओसरेल.

दुसरी गोष्ट, जे उत्तीर्ण होतील त्यांना नवशिक्यांचे सोबती नेमावें. मात्र नियम असा कीं, सोबत्यानें तोंडानें सांगावें, हात लावूं नये. आपल्या जुन्या शाळांतून वरच्या वर्गाचा मुलगा खालच्या वर्गाला पाढे सांगे, तीच ही पद्धति आहे. शिकवितांना शिकविणाऱ्याचें ज्ञान पक्कें होतें हा अनुभव जुनाच आहे.

तिसरी गोष्ट, यंत्रें थोडीं असतील तर तुकड्या लहान कराव्या आणि व्याख्यानांचे तास कापावे, पण प्रत्येकाला आठवड्यांतून निदान एक तास स्वतःच्या हातानें काम करावयास मिळालेंच पाहिजे. वहीची नक्कल बंद करून, वर्षअखेर प्रत्येकानें एक खरें काम पुरें करून दाखवावें. कोणी घरखर्चाचा वर्षाचा तक्ता करावा, कोणी सोसायटीचा हिशेब मांडावा, कोणी आजीच्या पाककृतींची मराठींत सुबक वही छापावी. परीक्षा त्या कामाची घ्यावी.

चौथी गोष्ट अलीकडची आहे. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्न विचारतांच उत्तरें लिहून देणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. त्यांच्याकडून काम करून घेणें सोपें आहे. त्यांचें उत्तर खरें कीं केवळ सफाईचें, हें तपासणें कठीण आहे. ही तपासणी शिकविल्यावांचून आजचा कोणताही प्राथमिक वर्ग पुरा होणार नाहीं.

घरचा वांटा

हें सर्व महाविद्यालयानें करावें. घरानें काय करावें? एकत्र कुटुंबाला येथें एक संधि आहे जी एकट्या-दुकट्या बिऱ्हाडाला नाहीं. आपल्या घरांत शिकणारा आहे आणि ज्याला शिकण्याची गरज आहे असाही मनुष्य आहे. मुलगी वर्गांतून आली कीं 'आज काय शिकलीस?' एवढेंच न विचारतां, 'तें काकूला शिकव पाहूं' असें म्हणावें. घरांत एक जुनें का होईना यंत्र असेल तर त्यावर आच्छादन घालून तें कोपऱ्यांत ठेवूं नये, आणि तें घरच्या मुलग्यांचेंच आहे असाही समज होऊं देऊं नये. सुनेला, मुलीला, आजीला त्याच्यापुढें बसण्याची वेळ ठरवून द्यावी. वाण्याचा हिशेब, विजेचें बिल, विम्याचे कागद हीं कामें एकाच माणसाच्या डोक्यांत व एकाच्याच पासवर्डांत अडकून पडूं देऊं नयेत. घरचा कर्ता आजारी पडल्यावर कागद कोठें आहेत हें कोणालाच ठाऊक नसावें, हा प्रसंग पूर्वीं लोखंडी पेटीच्या किल्लीमुळें येई. आतां तो पासवर्डामुळें येतो.

आणि जो पुतण्या 'हें मला चौथींत येत होतें' म्हणतो, त्याला आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं तुझी तक्रार पुष्कळ अंशीं खरी आहे. तुझे तास वांया जात असतील तर प्राध्यापकांना नम्रपणें तसें सांग, परीक्षा मागून घे, आणि ती उत्तम देऊन मोकळा हो. पण त्याच वर्गांत तुझ्या शेजारीं जी मुलगी गप्प बसून नुसती पाहत आहे, तिच्याकडे एकदां वळून पाहा आणि माऊस तिच्या हातीं दे. कदाचित् तिच्या घरांतील पहिला संगणक जाणणारा मनुष्य तीच होणार असेल. आणि तें होणें न होणें तुझ्या दहा मिनिटांच्या धीरावर अवलंबून असेल.